कातळ मोकळाच राहू दे

(शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मे २०२४मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, दहावी १९८८च्या तुकडीतील एका माजी विद्यार्थिनीने केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी ते बोललं गेलं जवळजवळ तसंच ठेवलं आहे.)



सूत्रसंचालकाने आत्ता माझी ओळख 'वनस्पतितज्ज्ञ' अशी करून दिली. तो माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, त्यामुळे त्याला माफ. पण नोंद दुरुस्त करून घेते. मी एकवीस वर्षं डोंबिवलीला बँकेत नोकरी केली. जीवशास्त्रात मला किती गुण पडायचे हे सरांना आठवत नसेल तर बरंच आहे. २०१५ साली आई अंथरुणाला खिळली म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी गावी आले आणि इथेच राहिले. झाडांचं जे काही थोडंफार कळतं ते या नऊ वर्षांत, आईकडून, गुरं राखणाऱ्यांकडून आणि पायपीट करून.

समितीने मला वृक्षारोपणावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. तुम्हाला ग्रुपवर निरोप आलाच असेल. येत्या जूनमध्ये शाळेच्या मागच्या सड्यावर, प्रत्येक तुकडीच्या नावाने दहा, अशी मिळून पाचशेच्या आसपास झाडं लावायची. प्रत्येक दहा झाडांपुढे तुकडीच्या नावाचा फलक. वर्गणी जमली आहे. कातळात खड्डे फोडायला जेसीबी ठरला आहे. कल्पना सगळ्यांना आवडली, मलाही आवडली. मी बोलायला होकार दिला आणि घरी गेले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी काल अध्यक्षांना फोन करून सांगितलं की मी या कल्पनेच्या विरुद्ध बोलणार आहे, चालेल का? ते म्हणाले, "बोल, पण जेवणाच्या आधी बोल. नंतर कोणी ऐकणार नाही."

तर जेवणाच्या आधी बोलते.

सड्यावर झाडं लावायची ही पहिली वेळ नाही. आमच्या तुकडीला आठवत असेल, जुलै १९८६, आम्ही नववीत होतो. तेव्हा गावोगाव वनीकरणाचे वारे होते. ट्रकमधून काळ्या पिशव्यांतली रोपं आली. मुलांनी पहारींनी खड्डे पाडले, म्हणजे पाडायचा प्रयत्न केला, आणि आम्ही मुली खालच्या मळ्यातून घमेल्यांनी माती वाहत होतो. दोन दिवस अभ्यास नाही, वर गूळ-शेंगदाणे. त्या रोपांची नावं कोणी विचारली नाहीत. नंतर कळलं की तो अकेशिया, ज्याला आपण ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो. प्रत्येकाला पाच रोपं वाटून दिली होती. पुढच्या वर्षी ज्याची सगळी जगली त्याला बक्षीस होतं. माझी पाचही जगली. कंपासपेटी मिळाली, ती अजून घरी आहे.

सर, तुमच्यावर बोट दाखवत नाही. तेव्हा सगळा महाराष्ट्र हेच करत होता, आणि भावना चांगलीच होती. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, तीन वर्षांत डोक्यावर जातं, यापेक्षा झाडाने अजून काय करावं? आणि तो सडा आपल्याला ओसाड वाटायचा. सातबारावर त्याची नोंद काय, तर पोटखराबा. ज्याला कागदच खराबा म्हणतो तिथे काहीही हिरवं उभं राहिलं तरी ते सुधारणाच.

आज सकाळी लवकर आलेल्यांपैकी काही जण त्या अकेशियाखाली फोटो काढत होते. मजेत काढा. पण फोटो काढून झाल्यावर खाली बघा. टाचेखाली चुरचुरतो तो तपकिरी, कोयत्यासारख्या वाकड्या पानांचा थर. खरं तर ती पानं नाहीतच, पानासारखे चपटे झालेले देठ आहेत ते, म्हणून तर उन्हाला दाद देत नाहीत. खाली पडली तरी लवकर कुजत नाहीत. त्या थराखालून काही उगवत नाही. मी नऊ पावसाळे बघते आहे. कडेला थोडी रानमोडी आणि टणटणी, बाकी काही नाही. रानमोडी, काय नाव आहे बघा. ज्या कोणी हे नाव ठेवलं त्याला वनस्पतिशास्त्राची पदवी द्यायला हवी.

आता उरलेल्या मोकळ्या सड्याकडे या. खिडकीतून बघा. मे महिना आहे, दुपारचे साडेबारा. काळा, तापलेला, उघडा कातळ, मधे मधे वाळक्या गवताचे झुपके. चप्पल काढून उभं राहवणार नाही. इथे पाचशे झाडं लावावीत असं कोणाच्याही मनात येईल. मेळावा मे महिन्यात असतो हीच खरी अडचण आहे. आपण मुंबईकर गावाला येतो मेमध्ये आणि गणपतीत. मेमध्ये सडा मेलेला असतो आणि गणपतीत आपण घराबाहेर पडत नाही.

पण पहिला मोठा पाऊस होऊन आठवडा गेला की या कातळावर एक पांढरं फूल येतं. बोटभर लांब नळी, टोकाला बाहेर वळलेल्या पाकळ्या, वीतभर-दीड वीत उंच दांडा. खाली कांदा असतो, कातळाच्या भेगेत, मूठभर मातीत. जेमतेम पंधरा दिवस फुलतं. जुलैत शोधायला जाल तर गवतात पात्या कोणत्या तेही ओळखू येत नाही. त्याचं शास्त्रीय नाव दिपकाडी कोकणेन्स. दिपकाडी हा शब्द दीप आणि काडी असा अगदी आपला वाटतो, पण तो मराठीतून आलेला नाही, योगायोग आहे. कोकणेन्स मात्र आपल्यावरूनच. एकोणिसाव्या शतकात डालझेल नावाच्या साहेबाने त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. गिब्सनबरोबर १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढणारा तोच. हे फूल कोकण-गोव्याच्या आपल्या या पट्ट्यातल्या कातळांवर येतं. स्वित्झर्लंडला जा, केरळला जा, नाही दिसणार. आपल्या शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून चालत पाच मिनिटांवर, मी गेल्या जूनमध्ये दोनशेच्या वर दांडे मोजले.

आपण शाळेत दहा-दहा वर्षं काढली. मी हे फूल पहिल्यांदा नीट पाहिलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

जूनमध्ये ते, मग जमिनीवरची पांढरी आमरी. श्रावणात कातळावरच्या उथळ पाण्यात गेंद, बटणासारखी पांढरी डोकी, हजारांनी. त्यातच सीतेची आसवं, निळी-जांभळी. हे निळं फूल दिसायला इतकं नाजूक, पण किडे खातं. पाण्याखाली त्याच्या मुळांसारख्या धाग्यांना बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी दवबिंदू, त्याच्या केसांवर चिकट थेंब, त्यात चिलटं अडकतात. हे असं का, तर कातळावरच्या दोन बोटं मातीत खायला काही नाही. नत्र नाही. म्हणून या झाडांनी दुसरी सोय केली. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं, आणि ते बी आत्ता, या क्षणी, त्या तव्यासारख्या कातळावर पडून आहे. आपण बाहेरून बघतो तेव्हा काहीच नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण 'मोकळी जागा आहे, दोन झाडं लावली तर बिघडलं काय' हा प्रश्न मला अध्यक्षांनीही विचारला. बिघडतं ते असं. खड्ड्यासाठी कातळ फोडला, त्यात तांबडी माती आणि शेणखत भरलं, की पहिल्या पावसात ती माती सगळीकडे पसरते. वर सावली आली. या फुलांना गरिबी आणि ऊन लागतं. दोन्ही आपण काढून घेतो. आणि अकेशिया तर शेंगवर्गातला, मुळांवाटे जमिनीत नत्र वाढवणारा. शेतात हा गुण म्हणू, कातळावर तोच दोष.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. बुकॅनन नावाच्या एका साहेबाने केरळात लोक हा दगड कुऱ्हाडीने कापून विटांसारखे बांधकामाला वापरतात हे पाहिलं आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. आपण त्याला चिरा म्हणतच होतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सडा तो पाऊस पितो, पाणी भोकांतून, भेगांतून खाली उतरतं, तळाच्या चिकणमातीच्या थराशी थांबतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं. आपला पऱ्या तिथूनच सुरू होतो. शाळेची विहीर त्याच पाण्यावर. मुलींची पाळी असायची ना रोज दोन हंडे भरायची? ते पाणी या खराब्याने दिलेलं. जेसीबीने तो फोडायचा, सपाट करायचा, तर हे हिशेबात धरलं पाहिजे.

आणि माणसांच्या दृष्टीनेही तो रिकामा नाही. आपल्याच राजापूर तालुक्यात बारसूच्या, देवाचे गोठण्याच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत त्यांचं आता सगळ्यांना कौतुक आहे. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच कातळावर बसून हत्ती, मासे, माणसं कोरत होतं. आणि आपण परवापरवापर्यंत त्यावरून गुरं नेत होतो. आपल्या सड्यावर तशी शिल्पं नाहीत, उगाच गैरसमज नको. पण पायाखाली काय आहे हे बघायची सवय आपल्याला नव्हती एवढं मात्र खरं.

कासच्या पठारावर जाऊन आलेले किती? हात वर करा. (बरेच हात वर झाले.) बघा. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यानंतर मीही गेले. आधी ऑनलाइन नोंदणी, मग रांग. सुंदरच आहे. आता सांगा, सप्टेंबरमध्ये शाळेच्या सड्यावर गेलेले किती? (तीन हात.) त्यातले दोन गुरं घेऊन गेलेले असणार, मला माहीत आहे.

आता आईचं सांगते. ती चार वर्षं अंथरुणावर होती. मी संध्याकाळी फिरायला जायचे, परत आले की विचारायची, "काय फुललंय?" मी एखादी डहाळी आणायचे. ती चष्मा न लावता, वास घेऊन, पान चुरडून सांगायची. हे काजऱ्याचं. हा कुडा, पांढरा, काळा नव्हे. ही अंजनी, हिचं लाकूड काठीला बरं. हे भारंगीचं फूल, याची भाजी कडू, दोनदा उकळून पाणी टाकायचं. मी बँकेच्या जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. १३८ नावं झाली. त्यातली २९ अशी आहेत की आईने नाव सांगितलं, कुठे असायचं तेही सांगितलं, पण मला तिथे ते झाड सापडलं नाही. एकदा मी ते पांढरं फूल आणून दाखवलं, दिपकाडी. तिला नाव आठवेना. म्हणाली, "पावसाचं फूल ते. तुझी आजी सांगायची नाव." आजी १९९१ साली गेली. ते नाव तिच्याबरोबर गेलं. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून झालं. आज इथे कोणाच्या घरी कोणाला माहीत असेल तर मला सांगा. लॅटिन नाव मला पाठ आहे आणि आजीचं नाही, याची मला लाज वाटते.

आपल्या घरात एक गोष्ट अशी होती की ती दरवर्षी ही नावं घोटून घ्यायची. गणपतीची माटवी. कांगलं पाहिजे, कवंडळ पाहिजे, शेरवड पाहिजे, कळलावी पाहिजे, नारळ-सुपारी आहेच. वडील आदल्या दिवशी मुलांना पिटाळायचे. कवंडळ कुठल्या कुंपणावर चढलंय, कांगलाची वेल कुठल्या घळीत आहे, हे ज्याला ठाऊक तो त्या दिवसापुरता घरात राजा. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या रानाची हजेरी घेतली जायची. आता आमच्या वाडीत निम्म्या घरांत माटवीला प्लास्टिकची फळं आहेत. मी नावं ठेवत नाही. चाकरमानी आदल्या रात्री बाराला पोचतो, तो रानात कधी जाणार? पण पोरांना आता प्लास्टिकच्या फळाचंही नाव विचारलं तर "माटवीचं फळ" एवढंच सांगतात.

आणि गावात राहणारे सगळे शहाणे, असंही नाही. आपली देवरहाटी आठवा. सुकी काटकी उचलायची नाही हा नियम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया पायी फिरून अभ्यासल्या आणि जगासमोर मांडल्या, आणि आपण मात्र तेव्हा रहाटीत बोरं-करवंदं चोरायला जाऊन मार खायचो. तिथली दोन किंजळं आणि एक भला मोठा सातवीण सभामंडपासाठी गेले. देवाला कौल लावला होता, कौल मिळाला. आता कौल कसा मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सभामंडपाच्या वर्गणीत माझेही पाच हजार आहेत, माझ्या नावाची फरशी आहे तिथे. डोंबिवलीला बसून मी ते पाठवले आणि मला फार बरं वाटलं होतं. गावासाठी काहीतरी केलं. हे बरं वाटणंच आज मला जरा तपासून बघावंसं वाटतं. आपल्याला गावासाठी काहीतरी करायचं असतं, आणि ते दिसलं पाहिजे असतं, शक्यतो नावासकट.

कोणी म्हणेल, बाईंना परदेशी झाडांचा राग आहे. नाही हो. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणला, आज तो नसेल तर आपल्यातले निम्मे जण शिकलेच नसते. मिरची तिकडचीच. शाळेच्या फाटकातला गुलमोहर मादागास्करचा, त्याच्याखाली आपण डबे खाल्ले, परीक्षेच्या आधी त्याच्या फुलातले कोंबडे लावून झुंजी केल्या. त्याला कोणी हात लावायचा नाही. सवाल जागेचा आहे. कुठे काय आधीपासून नांदतं आहे हे न बघता त्याच्या उरावर दुसरं आणून बसवायचं, मग ते वड-पिंपळ का असेना, एवढ्यालाच माझा विरोध. समितीने अकेशिया टाळून देशी झाडं निवडली आहेत, हे मान्य. यादीत वड आहे, कडुनिंब आहे, बहावा आहे. पण कातळाच्या फुलांना वडाची सावली आणि अकेशियाची सावली सारखीच.

मग करायचं काय? झाडं लावूच. पण सड्याखाली. शाळेच्या उत्तरेला उतार आहे तो पऱ्यापर्यंत. तिथली माती धुपते आहे, तिथे झाडं खरोखर हवी आहेत. पाचशे नाही, साठ-सत्तर मावतील. रहाटीतल्याच बियांची रोपं करू. बिया खाली पडलेल्या, उचलायला देवाची हरकत नसावी, वाटलं तर कौल लावा. सातवीण, किंजळ, बेहडा, जांभूळ. पऱ्याच्या काठाला उंडी आणि सुरंगी. सुरंगीला धीर धरावा लागतो, आपल्यापैकी काही जण तिचा गजरा बघायला असतील-नसतील. रातांबे लावा, पण एक लक्षात ठेवा, रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या दहा रातांब्यांपैकी किती नर निघतील ते फुलायला लागेपर्यंत कळत नाही. त्यामुळे एखाद्या तुकडीच्या वाट्याला नुसतेच नर आले तर समितीकडे तक्रार करायची नाही. हवी असतील तर चार कलमं आणू.

शाळेत एक छोटी रोपवाटिका करू, बांबू आणि हिरवी जाळी एवढीच. आठवी-नववीच्या मुलांकडे ती द्यायची. रोप कोणतं, बी कुठून, कोणत्या तारखेला रुजलं, हे वहीत. आणि सड्याचीही एक वही. पहिलं फूल कधी, कुठे, किती. जैवविविधता कायदा २००२चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि लोकांनी मिळून केलेली जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती वही पुष्कळदा कपाटात असते. आपल्या मुलांच्या नोंदी तिच्यात गेल्या, सड्यावर काय आहे ते तिच्यात लिहिलं गेलं, तर उद्या कोणी 'पोटखराबा आहे, काय बिघडतंय' म्हणाला तर दाखवायला कागद राहील. सातबाऱ्यावर जे नाही ते निदान तिथे असेल.

राहिला अकेशिया. एकदम तोडा असं मी म्हणत नाही. परवानगी लागेल, आणि एकदम मोकळं केलं तर तिथे रानमोडी घुसेल. तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांना विचारून, नववीच्या मुलांना घेऊन, मी एका कोपऱ्यात, आपल्या वर्गाएवढ्या जागेत, पानांचा थर काढला. वरच्या फांद्या छाटून उजेड आणला. दरवर्षी परत पानं पडतात, दरवर्षी काढतो. पहिल्या पावसाळ्यात काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात चिमूटभर गवत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मुलीने हाक मारली, बघितलं तर गेंद. सतरा. मी त्या मुलीला माझ्याकडची कंपासपेटी द्यायला निघाले होते, पण ती एवढी गंजली आहे की तिला टोचायची. दिपकाडी तिथे आलेली नाही. येईल की नाही सांगता येत नाही. ३८ वर्षं झाली, खाली कांदा जिवंत असेल असं मला वाटत नाही. तो कोपरा नेमका माझ्या पाच झाडांचा आहे की नाही तेही आठवत नाही, पण मी तसं धरून चालते.

पैशांचं म्हणाल तर जेसीबीचे वाचतील. त्यातून रोपवाटिका होऊन विहिरीचा कठडाही दुरुस्त होईल, तो कधीचा ढासळला आहे आणि मुलं तिथे वाकून बघतात. तुकड्यांच्या नावाचे फलक हवेच असतील तर उतारावर लावा, माझी हरकत नाही. सड्यावर एकच लावू, बांधाजवळ, की इथे जून ते ऑक्टोबर गाडी आणू नये. क्रिकेटची खेळपट्टी आहे ती आहे तिथेच राहू दे, मुलांशी मी भांडणार नाही.

सर, तुम्ही मघापासून मान हलवताय. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हाही कळायचं नाही. जेवताना बोलू.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. शेवटचं सांगते. पहिला मोठा पाऊस झाला की पाच-सहा दिवसांनी मी ग्रुपवर निरोप टाकीन. ज्यांना सुट्टी काढता येईल त्यांनी या, राहायची सोय माझ्याकडे, दहा-बारा जण सहज मावतात. सकाळी साडेसहाला पाण्याच्या टाकीपाशी जमायचं. छत्री नको, इरलं किंवा रेनकोट, दोन्ही हात मोकळे हवेत. टिटवी तेव्हा उघड्या कातळावरच अंडी घालून बसलेली असते आणि ती अंडी दगडांसारखीच दिसतात, म्हणून एकामागे एक, माझ्या मागून चालायचं. चहा आल्यावर.